आडवं

मूल आडवं आहे, डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं,
डोकं डावीकडे, पाय उजवीकडे,
दुपारपाळीहून आलेला हरेश
सोफ्यावर पडतो तसं.
गुरुवार, सकाळी साडेआठ. चालेल?
गॅसवाल्याला विचारावं तसं विचारलं.

आईंनी पंचांग उघडलं. त्या वेळी ज्येष्ठा.
अकराला सुटते, तेव्हा करा.
अकराला दुसरं सीझर आहे, डॉक्टर म्हणाले.

बुधवारी रात्री दहानंतर पाणीसुद्धा नाही.
दहाला दहा कमी, मी ओट्याशी उभ्यानं
कोलंबीचं कालवण आणि भात खाल्ला.
मग नेलपॉलिश पुसायचं राहिलं होतं.
पायांपर्यंत हात पोचेनात,
हरेशनं पुसलं, दहाही बोटं, न बोलता.
वेणा म्हणजे काय ते मला कळणारच नाही
याचं वाईट वाटावं की नाही
हे रात्रभर ठरलं नाही.

वाशीला हिरव्या बांगड्या निघेनात.
हात सुजलेले. साबण लावून झाला.
फोडू नका, वाढवा, मी म्हटलं.
शायनी सिस्टरला शब्द कळला नाही,
पण तिनं वर रुमाल टाकून
एकेक अलगद वाढवली.

पाठ मांजरासारखी वाकवा. अजून.
पाय आधी गरम झाले, मग माझे राहिले नाहीत.
पडद्यापलीकडे कुणीतरी
माझ्या कपाटाच्या तळाशी काही शोधत होतं,
दुखत नव्हतं, नुसतं सगळं हलत होतं.
डॉक्टर भूलवाल्या बाईंशी
नेरूळच्या पार्किंगबद्दल बोलत होते.
मग बोलणं थांबलं.
मग ते ओरडणं,
रडणं नव्हे, तक्रार:
झोपले होते ना मी!
मुलगी. दोन किलो नऊशे. आठ एक्कावन्न.

पुढचे दोन दिवस साऱ्या घराला एकच काळजी,
गॅस पास झाला का.
सात वर्षांत माझ्याशी सात वाक्यं बोललेले सासरे
फोनवर आडून विचारायचे: झाला का?
झाला, तेव्हा पेढे आले.
मुलीचे की याचे, मला हसू फुटलं
आणि हसू म्हणजे टाक्यांवर कुणी उभं राहिल्यासारखं.
सिस्टरनं उशी दिली. पोटाशी धरून हसायचं,
धरून खोकायचं, धरून उठायचं.
पलंग ते बाथरूम नऊ पावलं.
परतीची जास्त होती.

वाशी ते करावे, गतिरोधक चौदा.
प्रत्येकाआधी हरेश म्हणायचा, आला हं.
याच रस्त्यानं तीन वर्षं मी स्कूटीवर जाते,
तेव्हा हे कुठे होते?

बघायला बायका आल्या.
नॉर्मल नाही का झाली?
हल्लीच्या पोरींना सोसवत नाही.
मी खाली बघून शेपा चघळत राहिले.
आई काहीच बोलल्या नाहीत.
त्यांचंही तेच मत असावं, मला वाटलं.

त्या रात्री धुरीची शेगडी घेऊन आल्या.
मी पट्टा सोडून बसले होते,
त्यांनी टाक्यांकडे पाहिलं, बराच वेळ,
बाजारात मासळी बघतात तसं, तपासून.
मग निखाऱ्यांवर ओवा टाकत म्हणाल्या,
माजा पयला बी आरवाच व्हता.

पहिला हरेश, असंच मला सांगितलेलं.
मी थांबले. ओवा तडतडला.
त्यांनी बाळाची दुपटी उलटी करून
पुन्हा धुरीवर धरली.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या काकी आल्या,
नॉर्मल नाही का, म्हणाल्या,
आणि आईंनी त्यांच्या हातातला
अर्धा भरलेला चहाचा कप
उचलून नेला.

आता सातवा आठवडा.
छेदाच्या वर चार बोटं अजून बधिर आहे,
हात लावला की दुसऱ्या बाईला लागतो.
आज दुपारी फोडणीतली मिरची नाकात गेली,
सणकून शिंकले.
नंतर लक्षात आलं,
उशी आतल्या खोलीत होती.
आईंनी बाहेरून विचारलं, काय झालं?
काही नाही, म्हटलं, मिरची.